म्हातारी सराफीण आणि तिचे २४३ हिट पॉइंट: माणसाच्या सोंगातला ड्रॅगन कसा चालवावा

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीत, माणसाचं सोंग घेतलेला ड्रॅगन आणायचा असेल, तर आधी एक चित्र डोक्यातून काढून टाका: शेवटचं सेशन, छप्पर फाडून बाहेर आलेले पंख, आणि आ वासून बसलेले खेळाडू. तो क्षण दोन मिनिटांत संपतो. त्यासाठी महिनोन्‌महिने गुपित सांभाळणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. खरी मजा असते मधल्या काळात. एका खेळाडूला संशय आलेला असतो, दुसऱ्याची खात्री पटलेली असते पण तो गप्प असतो, आणि तिसरा अजून त्याच ड्रॅगनकडे उधारी मागत असतो. हा अर्धवट माहिती असण्याचा काळ जितका ताणता येईल तितका ताणायचा. खाली जे काही सांगते आहे ते सगळं त्यासाठीच.

मी साताऱ्यात वकिली करते, त्यातही जास्त काम जमिनीच्या टायटल सर्चचं, म्हणजे मालकीच्या नोंदी तपासायचं. शनिवारी रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, पात्रं होऊन खेळायचा खेळ चालतो, मराठीतून, आणि डीएम, म्हणजे गोष्ट आणि बाकीची सगळी पात्रं चालवणारी, मीच असते. नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या पुस्तकांतले. उदाहरण म्हणून आमच्या कॅम्पेनमधली ओर्ला आजी घेते. तीनपूल नावाच्या डोंगरातल्या गावात तिची पेढी आहे. नाणी मोडून देते, दागिने गहाण ठेवून घेते, व्याज लावते. आजी म्हणजे प्रौढ सिल्व्हर ड्रॅगन. टेबलावर आता हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

पहिला निर्णय ड्रॅगनच्या जातीचा. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या प्राण्यांच्या पुस्तकात, रूप बदलण्याची ताकद फक्त धातूच्या ड्रॅगनना आहे, आणि त्यांतही सरसकट नाही. गोल्ड, सिल्व्हर आणि ब्रॉन्झ प्रौढ झाले की रूप बदलू शकतात. ब्रास आणि कॉपर मात्र अगदी प्राचीन झाल्यावरच. त्यामुळे कोवळा कॉपर ड्रॅगन गावात विदूषक बनून फिरतोय, ही कल्पना कितीही गोड वाटली तरी पुस्तकात बसत नाही. तुमच्या टेबलावर बसवायची असेल तर खुशाल बसवा, पण मग खेळाडूने पुस्तक उघडून वाद घातला तर चिडू नका.

स्वभावही बघून घ्या. गोल्ड ड्रॅगन फेरीवाल्याच्या वेषात दुकानादुकानांतून हिंडतो, गावगप्पा ऐकतो, प्रामाणिक दुकानदाराच्या गल्ल्यात चार पैसे टाकून जातो. तो एका जागी संसार मांडणाऱ्यातला नाही. ब्रॉन्झला माणसापेक्षा प्राण्याचं रूप जास्त आवडतं, डॉल्फिन किंवा समुद्रपक्षी होऊन जहाजांच्या मागे मागे फिरायचं. माणसांत खऱ्या अर्थाने रमते ती सिल्व्हर. तिला माणसांची मैत्री हवी असते, माणसांच्या वस्तू हव्या असतात, आणि काळाचं भान मात्र तिला नसतं. अंडी उबवायला किंवा खजिना सांभाळायला म्हणून डोंगरात जाते, परत येते तोवर मैत्रीण म्हातारी झालेली असते किंवा गेलेली असते. दीर्घ कॅम्पेनसाठी मी डोळे मिटून सिल्व्हर घेईन.

आता धंदा. सोंगाचा धंदा खजिन्यावरून ठरवा, उलटं करू नका. सिल्व्हर ड्रॅगनला माणसांच्या इतिहासाच्या वस्तूंचा सोस असतो, बुडालेल्या साम्राज्यांची नाणी वगैरे. मग अशा ड्रॅगनने काय करावं? सराफी करावी. रोज लोक आपण होऊन जुनी नाणी तिच्या काउंटरवर आणून ओतणार. ओर्ला आजी चांदीच्या वजनापेक्षा जास्त भाव देते, पण फक्त जुन्या टाकसाळीच्या नाण्यांना, आणि ती नाणी पुन्हा कधी बाजारात दिसत नाहीत. ही पहिली खूण. आमच्या पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने, ती फक्त ‘इथे भाव चांगला मिळतो’ एवढीच नोंदवली, आणि तसंच व्हायला हवं होतं. चांगली खूण आधी उपयोगाची वाटते आणि मागाहून विचित्र वाटते.

म्हणून आधी माणूस पूर्ण तयार करा. ड्रॅगन वजा केला तरी त्या माणसाकडे खेळाडूंचं काहीतरी काम असलं पाहिजे. ज्या एनपीसीकडे, म्हणजे डीएम चालवत असलेल्या पात्राकडे, जायचं कारणच नाही त्याच्यावर कुणी संशयही घेत नाही, आणि ‘गूढ म्हातारा कोपऱ्यात बसलाय’ म्हटलं की सगळे तिथेच डोळे वटारतात. आपल्याकडे तर ही सवय लहानपणापासूनची. दारात भिक्षा मागायला आलेला साधू रावण निघतो हे बालवाडीत कळलेलं असतं. व्याजाचा हिशेब करताना चष्मा शोधणाऱ्या बाईवर मात्र कुणाची नजर जात नाही.

नियमांचा भाग नीट वाचून घ्या, कारण उत्तम खुणा तिथेच पडलेल्या आहेत. रूप बदलल्यावर ड्रॅगनकडे काय उरतं? हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा), अलाइनमेंट (चांगल्या-वाईटाकडचा कल), बोलता येणं, प्रवीणता (शिकलेल्या कौशल्यांची फाशातली बढत), लेजंडरी रेझिस्टन्स (फसलेला बचाव यशस्वी करून घेणं), आणि बुद्धी, शहाणपण, करिष्मा हे तीन आकडे. बाकी जवळपास सगळं नव्या शरीराचं. ताकद, आर्मर क्लास (वार लागायला फाशाने गाठायचा आकडा), चाल, सगळं. फुंकर नाही, पंख नाहीत, दहशत नाही, स्वतःच्या लेजंडरी अॅक्शनसुद्धा नाहीत. थोडक्यात, आजीवर वार लागणं अगदी सोपं आहे, तिला पाडणं अशक्य आहे. सामान्य माणसाचा आर्मर क्लास १० आणि हिट पॉइंट ४. आजीचा आर्मर क्लास १०, हिट पॉइंट २४३.

हे टेबलावर कसं दिसलं ते सांगते. रात्री पेढीवर चोर आला. आजी कडी लावत होती, त्याने मागून खंजीर घातला. मी फासे सगळ्यांसमोर टाकले, वार लागला, स्नीक अटॅक (बेसावध गाठल्याची जादा इजा) धरून ११ डॅमेज. खेळाडूंनी मनातल्या मनात आजीला अग्नी देऊन टाकला होता. मी म्हटलं, ‘‘आजी भिंतीला हात टेकते. वळते. चोराच्या हाताकडे बघते आणि म्हणते, अरे, मूठ सैल धरतोस, कापून घेशील.’’ चोर पळाला. पार्टीच्या क्लेरिकने, म्हणजे जखमा बऱ्या करणाऱ्या पुजाऱ्याने, धावत जाऊन जखम बांधली. त्यावर मी एकही शब्द जास्त बोलले नाही. ‘तुम्हाला विचित्र वाटतं’ असं डीएमने म्हणायचं नसतं. विचित्र वाटणं हे खेळाडूचं काम आहे. त्या रात्री आमच्यातल्या एकानेच वहीत काहीतरी लिहिलं आणि वही बंद केली.

फासे उघड टाकण्याचं कारण हेच. आकडा लपवला असता तर लोक म्हणाले असते, डीएमने वाचवली. आकडा समोर असल्यावर प्रश्न आजीबद्दल पडतो.

थंडीचंही सांगते. सिल्व्हर ड्रॅगनला थंडीचं डॅमेज लागत नाही, पण पुस्तकाप्रमाणे ही प्रतिकारशक्ती माणसाच्या रूपात राहत नाही. मी ती ठेवते. बर्फ पडत असताना खिडकी सताड उघडी टाकून बसलेली म्हातारी इतकी छान दिसते की नियमाला थोडं वाकवायला मला काही वाटत नाही.

आता खोटं बोलण्याचा मुद्दा, आणि इथे बहुतेक डीएम गडबडतात. आपल्याला वाटतं, एवढा मोठा ड्रॅगन, म्हणजे थापा मारण्यात पटाईत असणार. स्टॅट ब्लॉक, म्हणजे पुस्तकातला आकड्यांचा तक्ता, बघा. प्रौढ सिल्व्हरला डिसेप्शनची, म्हणजे थाप मारण्याची, प्रवीणता नाही. करिष्मा २१, म्हणजे फाशात मिळवायला नुसते +५. पाचव्या लेव्हलचा बऱ्यापैकी बार्डसुद्धा (गाणी म्हणत जादू करणारं पात्र) तिच्यापेक्षा सफाईने खोटं बोलेल. गोल्डचं आणखी बोलकं आहे: पटवून देण्याला +१३, थाप मारायला +७. याचा अर्थ सरळ आहे. हे ड्रॅगन खोटं बोलून लपत नाहीत, खरं बोलून लपतात. ओर्ला आजीने आमच्या कॅम्पेनमध्ये एकही खोटं वाक्य उच्चारलेलं नाही. ‘‘माझं माहेर वर डोंगरात.’’ खरं. ‘‘मुलं आहेत, पण ती आपापल्या वाटेने गेली.’’ खरं. ‘‘या वयात जिना चढवत नाही,’’ असं ती कधीच म्हणाली नाही. ती म्हणते, ‘‘जिना चढायचा कंटाळा येतो,’’ आणि ज्याला पंख आहेत त्याला येणारच. खेळाडूने इनसाइट, म्हणजे समोरचा खरं बोलतोय का ते ओळखायचा फासा, टाकली की मी बिनधास्त सांगते, ‘‘ती खरं बोलतेय.’’ डीएमला तोंड लपवावं लागत नाही, आणि मागाहून वही उलटून पाहणाऱ्याला प्रत्येक वाक्य तपासून घेता येतं. अशी दहाएक वाक्यं आधीच लिहून ठेवा. आयत्या वेळी सुचत नाहीत.

इनसाइटबद्दल आणखी एक. फक्त याच एनपीसीच्या वेळी तुम्ही पडद्याआड गुपचूप फासा टाकलात तर खेळ तिथेच संपला. एकतर पॅसिव्ह, म्हणजे फासा न टाकता धरायचा, आकडा वापरा, नाहीतर भाजीवालीशी बोलतानाही अधूनमधून फासा खडखडवत जा.

मराठीत खेळणाऱ्यांच्या हातात एक हत्यार आहे ते वापरा: तू आणि तुम्ही. तीनशे-चारशे वर्षं जगलेल्या प्राण्याला समोरचा हमाल काय आणि मठाधिपती काय, दोघेही कालची पोरं. आजी सगळ्यांना अरे-तुरे करते. पेढीवर येणाऱ्या शेतकऱ्याला ‘काय रे’ म्हणते तेव्हा कुणाला काही वाटत नाही, म्हातारी आहे. मग एक दिवस दरबारात ती उमरावालाही त्याच सुरात ‘‘बस रे बाळा, उभा का’’ म्हणते, आणि उमराव बसतो. उलट बाजूने, गावातल्या एका जुन्या चिंचोळ्या पुलाला मात्र ती ‘हे’ म्हणते, आदरार्थी: ‘‘हे आहेत म्हणून गाव आहे.’’ का, ते आमच्या लोकांना फार उशिरा कळलं. पूल बांधणारा गवंडी तिचा मित्र होता.

क्रियापदाच्या लिंगाची खूण मात्र जपून. म्हातारी बोलता बोलता ‘मी त्या लढाईला गेलो होतो’ म्हणून गेली, तर ऐकणारा चमकेल असं वाटतं. आमच्याकडे एक खेळाडू कोल्हापूरची आहे. तिच्या घरातल्या समस्त बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच बोलतात, त्यामुळे तिला आजी फक्त गाववाली वाटली.

आता माझ्या आवडीचा भाग, कागदपत्रं. जो एका गावात दोनशे वर्षं राहतो त्याला मालमत्ता टिकवायला वारस लागतात, आणि याचा विचार फार कमी लोक करतात. माणसाने मरायचं केव्हा? मेल्यावर घर कुणाच्या नावावर? माझी पद्धत अशी: दर पन्नास-साठ वर्षांनी आजी आजारी पडते, लांबच्या गावाहून एक भाची येते, आजी ‘डोंगरात माहेरी’ मरायला जाते, आणि पेढी बक्षीसपत्राने भाचीच्या नावे होते. भाची हळूहळू आजी होते. गावाला सवय झालेली असते, ‘त्या घरातल्या बायका दिसायला एकीसारखी दुसरी’. अंत्यविधी गावात कधीच होत नाही. घरात मूल कधीच जन्मत नाही. लग्न कधीच नाही, नेहमी भाचीच.

खेळाडूंना शोध घ्यायचा असेल तर त्यांना गावच्या दप्तरात पाठवा. जमिनीचा व्यवहार करताना आम्ही साधारण तीस वर्षांमागपर्यंतच्या नोंदी तपासतो. ज्याने हे सोंग रचलं आहे त्याला तीस वर्षं पुरून उरतात. त्याच्याही मागे गेलं की पितळ उघडं पडतं. आमच्या टेबलावर मी चार बक्षीसपत्रं खरोखर लिहून दिली होती, जुनाट दिसावीत म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून. नावं वेगळी, साल वेगळं, साक्षीदार वेगळे. सही करताना शेवटच्या अक्षराची शेपटी मात्र चारही ठिकाणी उजवीकडे वर वळलेली. कुणी काही बोललं नाही. मग आमच्या विझर्डने चारही कागद एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरले. असा एखादा कागद हातात देता आला तर जरूर द्या. तोंडी वर्णनात ‘सही सारखी आहे’ असं म्हणावं लागतं, आणि मग शोध खेळाडूचा राहत नाही.

मंत्रांचा बंदोबस्त आधीच ठरवून ठेवा. ट्रू सीइंग, म्हणजे खरं रूप दाखवणारा मंत्र, पडला की सोंग उघडं, त्यात वाद नाही. पण तो सहाव्या लेव्हलचा मंत्र, म्हणजे पार्टी अकराव्या लेव्हलला पोचेपर्यंत धोका कमी. शिवाय त्याला डोळ्यांत घालायचं २५ सोन्याच्या नाण्यांचं अंजन लागतं, आणि त्यात केशर असतं. गावात केशर कोण विकत घेतंय हे सराफिणीला कळायला किती वेळ लागेल? झोन ऑफ ट्रूथ, म्हणजे त्या जागेत खोटं बोलू न देणारा मंत्र, आजीला फारसा त्रास देत नाही, तिची करिष्मा सेव्ह, म्हणजे मंत्रातून सुटायचा फासा, +१०. समोर DC (गाठायचा आकडा) १४ असेल तर वीसपैकी सतरा वेळा ती सुटते. अडचण अशी की मंत्र टाकणाऱ्याला कोण सुटलं हे कळतं, आणि सराफीण सुटली हाच मोठा पुरावा. म्हणून माझी आजी अशा वेळी मुद्दाम मंत्राला शरण जाते आणि नेहमीसारखं खरंच बोलते. मूनबीम या मंत्राने रूप बदलणारे प्राणी उघडे पडतात, पण सिल्व्हर ड्रॅगनच्या प्रकारात ‘शेपचेंजर’ असा शिक्का नाही, त्यामुळे काटेकोर वाचलं तर तो तिला लागू नाही. मूनबीम टाकणारा ड्रुइड भांडेल. आधी ठरवलेलं असलं की भांडण लवकर मिटतं. २०१४ मध्ये रूपबदल हा मंत्र नसल्यामुळे डिस्पेल मॅजिक, म्हणजे मंत्र मोडणारा मंत्र, चालत नाही. २०२५ चं मॉन्स्टर मॅन्युअल वापरत असाल तर तिथे तो शेपचेंज या नवव्या लेव्हलच्या मंत्राच्या रूपात दिला आहे, म्हणजे डिस्पेल मॅजिकला DC १९ वर दार किलकिलं आहे.

रेड, ग्रीन वगैरे रंगीत ड्रॅगनना माणूस करायचा मोह शक्यतो टाळा. त्यांना ही ताकदच नाही. पर्यायी नियमाने ड्रॅगनला काही मंत्र देता येतात, पण ते वाचून बघा: डिसगाइज सेल्फने उंची एका फुटाने इकडे-तिकडे होते, घराएवढ्या प्राण्याला त्याचा उपयोग शून्य. पॉलिमॉर्फने फक्त प्राणी होता येतं, आणि बुद्धीही त्या प्राण्याचीच येते. कारस्थानी ग्रीन ड्रॅगन मांजर झाला की मांजराइतकाच हुशार. ग्रीनसाठी सोंगापेक्षा मुनीम बरा. गावात सगळे व्यवहार करणारा गुळगुळीत माणूस, आणि दर अमावस्येला तो जंगलात कुणाला हिशेब द्यायला जातो? ही वेगळी गोष्ट आहे आणि तीही रंगते.

खुणांच्या संख्येबाबत बहामुतचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. धातूच्या ड्रॅगनांचा हा देव साध्या कपड्यांतला म्हातारा होऊन फिरतो आणि त्याच्याबरोबर सात कॅनरी पक्षी असतात. ते सातही प्राचीन गोल्ड ड्रॅगन. खूण एकच, पण दर वेळी तीच आणि तितकीच. दर सेशनला नवीन विचित्रपणा शोधत बसू नका. तीन खुणा ठरवा, त्याच फिरवत राहा.

एक गोष्ट खेळाबाहेर बोलून घ्या. पार्टीतल्या कुणाला त्या सोंगाशी प्रेम जमवायचं असेल तर कॅम्पेन सुरू होण्याआधीच सगळ्यांना विचारून ठेवा की असल्या फसवणुकीची गोष्ट टेबलावर चालेल का. नको म्हटलं तर नको. आजीचं वय मी सत्तरीचं ठेवलं त्यामागे हेही कारण आहे.

उघड व्हायची वेळ आलीच तर जागा मोजून घ्या. प्रौढ सिल्व्हरला १५ फूट बाय १५ फूट जागा लागते. पेढीच्या मागच्या खोलीत ती मावत नाही. रूप बदलायला एक अॅक्शन जाते, आणि तोवरची सगळी पाळी ती आर्मर क्लास १० ची म्हातारीच असते. मारामारीत उघडं पडणं तिच्या सोयीचं नाही हे लक्षात घेऊन तिला वागवा: आधी बाहेर पडेल, अंगण गाठेल, मुलांना घरात जा म्हणेल, मग.

पण बहुतेक वेळा ती वेळ येतच नाही, येऊ देऊ नका. ज्या खेळाडूने वही बंद केली होती त्याने काही सेशननंतर आजीला एकटं गाठून विचारलं, ‘‘हिवाळ्यात खिडकी का उघडी ठेवता?’’ आजी म्हणाली, ‘‘तुला थंडी वाजते का? लावते.’’ आणि लावली. दोघांनाही कळलं. त्याने बाकीच्यांना सांगितलं नाही, आणि पुढचे कितीतरी शनिवार तो आजीच्या बाजूने बोलत राहिला, बाकीचे चक्रावत राहिले. अशा खेळाडूला काहीतरी द्या. पैसे नकोत, मंतरलेली तलवार नको. एखादी खरी माहिती द्या जी फक्त शंभर वर्षांपूर्वी तिथे असलेल्यालाच ठाऊक असेल. आमच्याकडे तो किल्ल्याच्या बुजवलेल्या चोरवाटेचा ठावठिकाणा होता, आणि तो कसा कळला हे त्याला पार्टीपासून लपवावं लागलं. सगळ्यांना कळल्यावर त्यांनी आजीकडे पहिली मागणी केली ती व्याज कमी करायची. आजीने दर तोच ठेवला, फक्त मुदत वाढवून दिली: नव्वद वर्षं.